निळी ज्योत

डिसेंबर लागला की आमच्या धर्मग्रामातील घरांतून एकच गाऱ्हाणे कानी येते : "फादर, गिझर पेटत नाही." हिवाळ्याच्या रात्री बदलापुरातला पारा मुंबईपेक्षा काही अंश खालीच असतो. तांब्याचे बंब अडगळीत गेले आणि सकाळच्या मिस्साला निघणाऱ्या पुष्कळांची भिस्त गॅसच्या गिझरवर राहिली. सेमिनरीत ही विद्याही शिकवतात काय, असे आम्हांस थट्टेने विचारले जाते. शिकवत नाहीत; पण तेथील तर्कशास्त्र कामी येते.

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गिझरमधील रबरी पडदा सरकतो, सेलांच्या जोरावर ठिणगी पडते आणि वायूची वाट खुली होते. म्हणून प्रथम कान द्यावा. 'टक् टक्' असा आवाजच नसेल, तर सेल संपले असतील किंवा पाण्याला जोर नसेल. टाकीच्या लगत खाली राहणाऱ्यांना ही दुसरी व्याधी अधिक. कधी पाणी आत शिरते तेथील गाळणीच तुंबलेली असते. आवाज आहे पण ज्योत नाही, तर सिलिंडर पाहावा. गळतीची शंका आल्यास सिलिंडर बंद करावा आणि जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. काडी ओढू नये. (विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना पाहिलेल्या अंबरनाथकरांनाही हे सांगावे लागते!)

गिझर पेटून लगेच विझत असेल, तर मात्र त्याच्यावर रागावू नये. हवेतील प्राणवायू घटला की वायू तोडणारी योजना काही गिझरांत असते. ती निकामी करून घेणारे गृहस्थही आम्हांस भेटले आहेत.

आमची खरी काळजी बिनतक्रार चालणाऱ्या गिझरची आहे. थंडी नको म्हणून न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद केलेली, आत गिझर आणि ज्योत निळी नसून पिवळी! अपुऱ्या हवेत जळणारा वायू कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. घरगुती गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. याला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही. बाहेरच्यांना वाटते, आज स्नान जरा लांबले.

उल्हासनगरात ही अडचण अधिक बिकट आहे. फाळणीनंतर निर्वासित लष्करी बराकींत उतरले, १९४९ साली वस्तीला हे नाव मिळाले, आणि पुढे घराला घर चिकटत गेले. कित्येक न्हाणीघरांना बाहेरची भिंतच नाही, मग खिडकी कोठून? तेथे गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. तेही जमत नसेल, तर चुलीवर पातेले ठेवावे.

अलीकडे घर आशीर्वादित करावयास गेलो की आम्ही न्हाणीघरातही डोकावतो. यजमानीणबाईंना संकोच वाटतो. आम्ही तीर्थ शिंपडतो आणि पुठ्ठा काढावयास सांगतो.