कोपीतली भोगी

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी, सगळा डोंगरपट्टा ऊस तोडायला निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. लेकरं-म्हातारी कशातच धरत नाहीत.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत होतो, पण कोपीत जेवायचा योग आला तो 1996 साली. तेव्हा मी औरंगाबादला शिकत होतो. ऊसतोड्यांची माहिती गोळा करायची म्हणून छापील कागद घेऊन माजलगावच्या बाजूला हिंडत होतो. जायकवाडीच्या उजव्या कालव्यानं आणि माजलगावच्या धरणानं तिकडं ऊस पिकवला, आणि तो तोडायला आपल्याच जिल्ह्यातली कोरडवाहू माणसं येतात. दिवस भोगीचा होता.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून वर चटई टाकलेली. आत जायचं तर कंबरेत वाकावं लागतं. कोपीतलं जोडपं पाटोद्याकडचं. पहाटे चारला फडात गेलेली, दिवस मावळताना परतली होती. दीड-दोन टन ऊस तोडून, पाचट काढून, मोळ्या बांधून अंग आंबलेलं. मी कागद काढला तशी बाई म्हणाली, "भाऊ, कागद ठिवा तो. सणाचा दिस हाय. आधी दोन घास खा, मंग काय इचारायचं ते इचारा."

मग उलट तिनंच मला विचारायला सुरुवात केली. कुण्या गावचे? आईबाप हायेत का? बहिणी किती? लगीन कधी? चुलीत पाचट भडकत होतं आणि ती भाकरीवर तीळ थापत होती. उसाचं वाढं विकून आलेल्या पैशात तेल-मीठ भागायचं, त्यातूनच तिळाची पुडी आणलेली. भोगीची भाजी वांगी आणि ओल्या हरभऱ्याची. हरभरा शेजारच्या मळेकऱ्यानं दिलेला. ताटं दोनच. एक मला, एक दादांना.

दोन घास झाले असतील नसतील, बाहेरून मुकादमाची हाळी आली, "गाडी आलीऽऽ!" गाडीला वेळकाळ नसतो. आली की भरायची. दादा हातातली भाकरी तशीच दुमडून उठले. बाईनं तवा उतरवला, डोक्याला चुंबळ घेतली. मीही उठायला लागलो, तर दादा दारातून वळले.

"तुम्ही बसा. पाहुण्यानं भरल्या ताटावरून उठू नये."

दोघं अंधारात गेली. कोपीत उरलो मी, झोळीतलं तान्हं आणि आठ-नऊ वर्षांची पोर. एका हातानं झोळी हलवत ती माझ्यासमोर बसली. थोड्या वेळानं आईसारखाच आवाज काढून म्हणाली, "मामा, लाजू नका. आजून अर्धी वाढू का?"

मी नको म्हणालो. तिनं वाढलीच.

जेवण झाल्यावर तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, घोंगडी अंथरली. स्वतः मात्र आई येईस्तोवर जेवली नाही. बाहेर फळीवरून मोळ्या चढत होत्या, त्याचा आवाज येत होता. माझ्या कागदावर कोयते किती, उचल किती, असे रकाने होते. त्या हिशोबात ही पोर कुठंच नव्हती. पण त्या रात्री घरधनीण तीच होती, आणि तिच्यामुळं ती कोपी घर होती. दिवसभर कोयता म्हणून मोजली जाणारी माणसं पाहुणा आला की पुन्हा कुणाचे दादा, कुणाची वहिनी होतात. पाहुणा जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, हा हट्ट कुठून येतो ते मला तिथं कळलं.

सकाळी निघालो तर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी हातात ठेवत बाई म्हणाली, "हितं काय, कोपी हाय. पाडव्याला पट्टा पडला की गावाकडं या. घरी बसून जेवू."

पाडवा झाल्यावर मी पोरीसाठी पाटी-पेन्सिल घेतली आणि पाटोद्याची एसटी धरली.