सुगीत माझा वाटा

सुगीचा सण ज्याने पेरलं आणि कापलं त्याचा, बाकीचे सगळे बघे, असं माझं ठाम मत होतं. ओहायोत राहायला आल्यावर तर ते अधिकच घट्ट झालं. इथे ऑगस्ट संपत आला की गावोगाव सुगीचे उत्सव सुरू होतात. मिलनला खरबुजांचा, जॅक्सनला सफरचंदांचा, ईरी सरोवराच्या बाजूला जिनिव्हाला द्राक्षांचा, बार्न्सव्हिलला आणि सर्कलव्हिलला लाल भोपळ्याचा, वेन्सव्हिलला तर आंबवलेल्या कोबीचा. कोलंबसहून सकाळी गाडी काढली तर यातलं कुठलंही गाव पाहून रात्री घरी परतता येतं. मैत्रिणी निघाल्या की मीही जायचे, पण यात सुगी किती आणि बाजार किती हे मोजत फिरायचे.

मोजायला सोपं होतं. ओहायो हे मक्याचं आणि सोयाबीनचं राज्य. कोलंबसहून २३ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला सर्कलव्हिलकडे निघालं की ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना तीच दोन पिकं दिसतात. भल्यामोठ्या शेतात एकच कम्बाइन यंत्र आणि त्यात एकटा माणूस बसलेला. धान्य ट्रकमधून थेट कोठारांकडे जातं. त्याच्यासाठी कुठे मांडव पडलेला मी पाहिला नाही. ज्या पिकावर घर चालतं त्याचं कौतुक नाही, आणि भोपळ्यासाठी मात्र चार दिवस गावाचे मुख्य रस्ते बंद! हे मला खोटं वाटायचं. शेती करणारे हात उरले मूठभर, मग हा उत्सव करतंय कोण आणि कशासाठी, असा माझा प्रश्न असे. आणि त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलेलं होतं: पाळणे, तळलेले पदार्थ आणि गल्ला.

या मताला पहिला धक्का वेन्सव्हिलला बसला. तीनेक हजार वस्तीचं गाव. १९७० पासून तिथे ऑक्टोबरात कोबीचा हा उत्सव भरतो आणि मुख्य रस्ता माणसांनी फुलून जातो. एका टपरीवर कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे रोल घेतले आणि मागे उभ्या असलेल्या वयस्कर गृहस्थांना विचारलं, "हा कोबी याच गावचा का?" मला नकारच ऐकायचा होता. ते म्हणाले, "नाही, बाहेरून येतो. पण हे पैसे आमच्या शाळेच्या बँडचे." मुलगी शाळेत वाद्य वाजवायची तेव्हा त्यांनी या टपरीवर उभं राहायला सुरुवात केली होती. मुलगी शिकून दुसऱ्या राज्यात गेली, संसाराला लागली. हे अजून उभेच होते. शेजारची टपरी एका चर्चची होती. मग मी रस्ताभर विचारत सुटले. खाण्याच्या टपऱ्या कुणा ना कुणा संस्थेच्या, आणि पदार्थ वाढणाऱ्यांना स्वतःला त्यातून काही मिळत नव्हतं. ज्या गल्ल्याला मी नाक मुरडत होते तो गावाचा वर्षभराचा सामायिक गल्ला होता.

तरी मी स्वतःला समजावलं की ही समाजसेवा झाली, सुगी नव्हे. ते समाधान सर्कलव्हिलने टिकू दिलं नाही.

तिथली कथा १९०३ पासूनची. तेव्हाचे महापौर जॉर्ज हॅस्वेल यांनी आपल्या घरासमोर मक्याचा कडबा आणि कोरलेले भोपळे मांडले. त्यातून गाव आणि शिवार एकत्र यावं हा हेतू. पुढे शेजाऱ्यांनी त्यात भर घातली आणि आता ऑक्टोबरातल्या तिसऱ्या बुधवारपासून शनिवारपर्यंत लाखो माणसं या लहानशा गावात येतात. एक बेकरी ६ फूट व्यासाचा पम्पकिन पाय भाजून काचेमागे मांडते, तिच्यासमोर रांग हलत नाही. मी मात्र बुधवारी सकाळी राक्षसी भोपळ्यांच्या वजनाला गेले.

भोपळे ट्रकमधून येतात आणि फोर्कलिफ्टने उचलून काट्यावर ठेवले जातात. विजेत्याचं वजन दीड हजार पौंडांच्या वर, म्हणजे जवळजवळ ७०० किलो. हा असा भोपळा शेतकऱ्याच्या शेतातच व्हायला हवा असं नाही, बरेचदा तो घरामागच्या परसात होतो. माझ्या शेजारी उभी असलेली बाई दिवसा दवाखान्यात नोकरी करणारी. तिने मला सगळं सांगितलं. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची. जुलैच्या सुमारास फूल उमललं की भल्या पहाटे नरफुलाचा पराग स्वतःच्या हाताने लावायचा. वेलाच्या फांद्या मातीने झाकत जायच्या, म्हणजे पेरापेराला मुळं फुटतात. भरात आलेलं फळ दिवसाला ३०–४० पौंडांनीही वाढतं आणि तेवढ्याच वेगाने तडकूही शकतं. आरपार तडकलं की स्पर्धेतून बाद. उन्हात साल कडक होऊ नये म्हणून वर कापडाची सावली करायची. एवढं करून हा भोपळा चवीला बेचवच. बियाणं बहुतेक सगळं एकाच घराण्यातलं, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवडीने घडवलेल्या 'अटलांटिक जायंट'चं. आणि प्रत्येक बीची ओळख म्हणजे ती ज्या भोपळ्यातून आली त्याचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल. हे ऐकून मी हलले. ज्याने एक फळ पिकवलं त्याचं नाव पुढच्या पिढीच्या बियाण्यावर राहतं आणि ते बियाणं लोक एकमेकांना देतात. तिनेही मला दोन बिया दिल्या, न मागता.

तिच्याकडे एकरभरसुद्धा शेत नव्हतं. तिने शेतात घालवावा तसा उन्हाळा मात्र घालवला होता, आणि चौकात मांडायला काहीतरी आणलं होतं. तिला बघी म्हणणं मला जमेना.

पाळणे, लाऊडस्पीकर, कुठल्याही जत्रेत सारख्याच दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या रांगा मला आजही आवडत नाहीत. त्यांच्यापेक्षा ओहायोतल्याच बर्टनचा सफरचंदाचा उत्सव मला जवळचा, तांब्याच्या मोठ्या कढया लाकडांच्या जाळावर ठेवून त्यातला सफरचंदाचा गर तासन्‌तास ढवळणारा.

पण मी हे लिहायला बसले ते ओहायोसाठी नाही. मी लातूरकडची. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. रब्बी उभी असताना शेतात कडब्याची कोपी करायची, पांडव मांडून पूजा करायची, आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही जेवायला बोलवायचं. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं. वडिलांच्या आजारपणात आमचं शेत विकलं गेलं आणि मी येळवशीला जाणं सोडलं. चुलतभाऊ दरवर्षी बोलवायचा, मी काहीतरी कारण सांगायचे. खरं कारण असं की सातबाऱ्यावर नाव नसताना दुसऱ्याच्या कोपीत बसून उंडे खायची मला लाज वाटे. शहरातून गाड्या भरून ओळखीच्याच्या शेतात जाणाऱ्यांचा रागही येई. 'यांचं शेतात काय आहे?' हे मी मोठ्याने बोललेलीही आहे. ओहायोतल्या बघ्यांबद्दलचं माझं मत तिथूनच आलं होतं. नाव त्यांचं घेत होते, सल माझा होता.

आणि आमच्या शिवारातही आता पैसा देतं ते सोयाबीनच, ज्वारी कमी होत चालली आहे. तरी कोपी कडब्याचीच होते. घर ज्यावर चालतं आणि सण ज्याचा होतो ती पिकं तिथेही वेगळी झालीत. ते खोटं आहे असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात भावाला फोन केला. म्हटलं, या येळवशीला येते, पण पाहुणी म्हणून नाही, मला काम सांग. तो म्हणाला, "ताई, काम म्हणशील तर कोपीचं बघ. औंदा मी ज्वारी पेरलीच न्हाई, कडबा विकत आणावा लागंल." कुणाकडे मिळेल ते त्याने सांगितलं. पेंढ्या किती लागतील, ट्रॅक्टर कुणाचा, याचं बोलणं चालू आहे. अमावस्येच्या दोन दिवस आधी पोचेन अशा बेताने तिकीट काढलं आहे.