दगडाखालचे बिऱ्हाड

पाल चुकचुकली की आपल्या मनात शंका येते आणि अंगावर पडली की घरातील वडीलधारी मंडळी पंचांग उघडतात. सांगलीच्या आमच्या घरी ट्यूबलाइटशेजारी रोज रात्री अशीच एक पाल ठाण मांडून बसते. भिंत आमची, दिवा आमचा आणि किडेही त्या दिव्यानेच बोलावलेले! तिची एक चुलत बहीण मात्र सातारा जिल्ह्यात, ठोसेघरजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, कोणाच्याही आश्रयावाचून संसार करते.

वरद गिरी आणि ॲरन बाऊअर यांनी 2008 साली तिची शास्त्रीय नोंद केली आणि साताऱ्यावरून तिचे नाव ठेवले : हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. तिचा एक जवळचा नातलग दूर सिंधच्या रुक्ष प्रदेशात आढळतो. वाळवंटाचे हे नाते सह्याद्रीच्या माथ्यावर कसे, असा प्रश्न पडेल. परंतु तो जांभ्या खडकाचा माळ पावसाळा सरला की तापतो. ना माती, ना झाडाची सावली. अशा ठिकाणी सुटा दगड हेच घर. दिवसभर त्याच्या गारव्यात राहायचे आणि रात्री किडे टिपायला निघायचे. पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळे जिभेनेच पुसायचे. पाण्याची काटकसर तर विलक्षण! पालीच्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तो आपण सर्वांनीच पाहिला आहे. पाणी वाया न दवडता घट्ट करून टाकलेले ते मूत्रच होय.

याच पठारावर आज पवनचक्क्या फिरतात. तेथील सरड्यांविषयी 2018 साली प्रसिद्ध झालेले संशोधन मला अंतर्मुख करून गेले. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी इतर भागाच्या मानाने जेमतेम चौथ्या हिश्शाइतके उरले होते. त्यामुळे सरडे वाढले, पण त्यांची अंगे रोडावली आणि रंग फिके पडले. संख्या वाढली म्हणजे सुख वाढले, असे नव्हे.

वाऱ्याची वीज मला हवी आहे. तिला धूर नाही. मात्र रस्त्यासाठी, बांधासाठी वा निव्वळ कुतूहलापोटी माळावरचा दगड हलतो, तेव्हा कोणाचे तरी छप्पर जाते. आपण त्या माळाला सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणतो. ज्याच्या प्रत्येक दगडाखाली बिऱ्हाड असू शकते, ती जमीन पडीक कशी? हा शब्द तेवढा आपण मागे घ्यावा आणि दगड जागच्या जागी राहू द्यावा.