खात्याचे भाडे

आमच्या फैजपुरास १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, याचा आम्हांस अभिमान आहे. परवा आमच्याच घरातील मुलास भ्रमणध्वनीवर निरोप आला : बँकेचे खाते वापरावयास द्या, घरबसल्या पैसे मिळवा. “यात वाईट काय?” असे त्याने विचारले. शेखाडीच्या किनाऱ्यावर लाच घेऊन डोळे मिटणाऱ्यांनीही स्वतःस हेच विचारले असावे. तस्करांच्या त्याच वाटेने आरडीएक्स उतरले आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे प्राणांस मुकली. चोरवाट माल निवडीत नाही. तेव्हा तीस किनारा लागे. आता पासबुक आणि सिमकार्ड पुरते. खाते म्हणजे आपले नाव; ते भाड्याने देऊ नये, हे वडीलधाऱ्यांनी दिवेलागणीस मुलांना अवश्य सांगावे.