मत नको, माप सांगा

कोल्हापूर,
रविवार

चि. छकुलीस,


जॉब कार्डाचा फोटो मिळाला, आणि त्याखाली तू रागारागात जे लिहिलंस तेही वाचलं. १५,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला तू टॅपेट तपासायला सांगितलेस, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, “मॅडम, आवाज येतोय का? नाही ना? मग उघडायचं कशाला? हात लावला की बिघडतं.” वर, “मिस्टरांना फोन द्या, त्यांना समजावतो.” मिस्टरांचं राहू दे, आपण गाडीचं बघू. “मामा, मी उगाच हट्ट धरलाय का?” असं विचारलंयस. हट्ट बरोबर आहे. पण काउंटरवर नुसता हट्ट चालत नाही, कारण माहीत असावं लागतं. फोनवरचं ऐनवेळी आठवत नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. काही इंजिनांचे टॅपेट सेट करावे लागतच नाहीत. रॉयल एनफिल्डच्या २०२१ आधीच्या क्लासिक ३५० ला हायड्रॉलिक टॅपेट होते. ऑइलच्या दाबावर ते व्हॉल्व्हवरची फट आपणच भरून काढतात, त्यामुळे सेट करण्यासारखं काही उरत नाही. २०२१ मध्ये त्याच नावाची गाडी नव्या इंजिनासह आली आणि हायड्रॉलिक टॅपेट गेले. आता तिथे फट ठेवावी लागते, तपासावी लागते. म्हणजे जुन्याला लागत नव्हतं आणि नव्याला लागतं. त्यामुळे ‘हल्लीच्या गाड्यांना काही करावं लागत नाही’ हे सरसकट कुणी सांगितलं, तर त्याला आधी विचारावं, कुठल्या इंजिनाबद्दल बोलताय? तुझ्या गाडीला वर दोन कॅमशाफ्ट आहेत, चार व्हॉल्व्ह आहेत आणि प्रत्येकाला एक शिम, म्हणजे फट ठरवणारी चकती, आहे. हायड्रॉलिक काही नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्येही फट शिमनेच ठरते. स्प्लेंडरला शिम नसते, तिथे स्क्रू आणि चेकनट.

ही फट असते कशासाठी? इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. थंड असताना तिच्या डोक्यावर थोडी मोकळीक ठेवली नाही, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. मोकळीक तरी किती, तर बहुतेक मोटारसायकलींत साधारण ०.०५ ते ०.२५ मिलिमीटर. आमच्या उद्यमनगरच्या भाषेत दोन ते दहा थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. एक्झॉस्टची सहसा इनटेकपेक्षा जास्त, कारण तो जास्त तापतो.

आता झीज बघ. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि ५० वेळा सीटवर येऊन बसतो. यात झीज दोन ठिकाणी होते. वरच्या बाजूला कॅम, रॉकर झिजले की फट वाढते आणि टकटक ऐकू येते. खालच्या बाजूला व्हॉल्व्हचं तोंड आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी वर सरकतो, आणि फट कमी होते. शिमच्या गाड्यांत बहुधा हे दुसरंच घडतं. फट कमी झाली की आवाजही कमी होतो. म्हणजे ज्या बिघाडाला खरं भ्यायचं, तो येताना इंजिन अधिकच शांत करत येतो. ‘आवाज आला की आणा’ म्हणणारे साहेब नेमकी त्याचीच वाट बघत नाहीत.

का भ्यायचं, तेही सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या अंगातली बरीचशी उष्णता तो बंद होऊन सीटला टेकतो तेव्हाच हेडमध्ये उतरते. फट संपली की टेकणं अर्धवट राहतं. उष्णता व्हॉल्व्हमध्येच अडकते, जळता वायू कडेने निसटू लागतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कॉम्प्रेशन उतरतं. गरम गाडी पुन्हा चालू करताना कुरकुरते, आयडलिंग एका जागी थांबत नाही, चढावर जोर राहत नाही. तोवर शिमचं काम संपलेलं असतं आणि हेड उतरवायची वेळ आलेली असते.

याच्या उलट टोकाचा सल्ला रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मिळतो. टकटक ऐकली की टॅपेट आवळायचे, आवाज गेला की झालं काम. गिऱ्हाईक खूश. दोघांचाही भरवसा कानावर, आणि थाउ कानाला कळत नाही. आयटीआयच्या पोरांना मी आधी स्प्लेंडरवरच शिकवायचो. इंजिन थंड. मॅग्नेट फिरवून टी-ची खूण समोर आणायची, आणि कॉम्प्रेशनचाच स्ट्रोक आहे ना, हे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचं. मग फिलरची पाती फटीत घालायची. नुसतीच सरकली तर फट जास्त. ओढताना बोटांना किंचित अडथळा जाणवला आणि पुढची जाड पाती मात्र शिरली नाही, तर माप बरोबर. पोरं इथवर नीट यायची आणि चेकनट आवळताना फसायची, कारण नटाबरोबर स्क्रूही गुपचूप फिरतो. म्हणून चेकनट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघायची. ज्याने पुन्हा बघितलं नाही, त्याने मोजलंच नाही, असं मी धरायचो.

मग शोरूमवाले का टाळतात? त्यांना लबाड म्हणण्याची घाई करू नकोस. इंजिन थंड हवं म्हणजे गाडी रात्रभर ठेवून घ्यायला हवी. सकाळी सीट, टाकी, कव्हर उतरवायचं. तेवढ्या वेळात त्याच मेकॅनिकच्या हातून ऑइल बदलायच्या कितीतरी गाड्या निघतात. हव्या त्या मापाची शिम स्टोअरमध्ये असेलच असंही नाही. शिवाय काउंटरवर बसलेला माणूस इंजिन उघडणारा नसतो. त्याच्यापुढे संध्याकाळपर्यंत द्यायच्या गाड्यांची यादी असते.

‘हात लावला की बिघडतं’ यातही थोडं तथ्य आहे. शिम बदलायला बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट काढावे लागतात, आणि परत बसवताना टायमिंग चेन काही दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. पण इथेच ते दोन कामांची गल्लत करतायत. तपासणं वेगळं आणि सेट करणं वेगळं. मोजायला कॅमशाफ्ट काढावे लागत नाहीत. कव्हर उघडायचं, इंजिन योग्य जागी फिरवायचं, पाती घालायची, आकडा लिहायचा. सगळे आकडे हद्दीत असले तर कव्हर बंद, आणखी कशाला हात लावायचाच नाही.

तेव्हा वाद घालू नकोस. मॅन्युअलमधला ठरावीक देखभालीचा तक्ता उघड आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्सची ओळ दाखव. तिथे लिहिलेलं अंतर काउंटरवरच्या मतापेक्षा मोठं, आणि उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर बोट त्याच तक्त्यावर ठेवलं जाईल. गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन लाव. जॉब कार्डावर तुझ्या अक्षरात लिही: ‘थंड इंजिनवर चारही व्हॉल्व्हची फट मोजून आकडे लिहून द्यावेत. शिम बदलण्याआधी फोन करावा.’ नाहीच म्हणाले, तर ‘तपासणी केली नाही’ एवढं सहीनिशी लिहून माग. बहुतेक वेळा सही मागितली की मेकॅनिक मोकळा होतो. तरी नाही झाला, तर कंपनीचं दुसरं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठ.

आकडे हातात आले की हिशेब शाळेतला आहे. समज, मॅन्युअलमध्ये एक्झॉस्टला ०.२० ते ०.२५ दिलंय, मोजमाप ०.१३ आलं आणि तिथली शिम २.५० ची आहे. २.४० ची घातली की फट ०.२३ होते. आणि माप ०.२० आलं तर? हद्दीत आहे, पण काठावर आहे. तेव्हा मेकॅनिकला थेट विचार, पुढच्या तपासणीपर्यंत धरेल का? त्याचं मत तेव्हा ऐक, कारण ते मापावर उभं असेल.

सगळं ठीक निघालं, तर ‘बघा, सांगितलं होतं’ असं साहेब म्हणतीलच. म्हणू देत. मजुरी कुरकुर न करता दे आणि कागद जपून ठेव. पुढच्या वेळचे आकडे त्याशेजारी मांडलेस की कुठला व्हॉल्व्ह किती वेगाने आवळतोय ते तुला दिसेल, आणि मग कधी उघडायचं ते तू सांगशील.



तुझा,
मामा

ता. क. बिलावर ‘व्हॉल्व्ह चेक – ओके’ एवढंच लिहून देतील. ओके हे माप नव्हे. चार आकडे लिहून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नकोस.