फक्त नाव सांगा : लिबजेपेगची कथा (थ्रेड)

इंटरनेट एक्सप्लोररची ‘अबाउट’ची चौकट फारशा कोणी वाचली नसेल. तिच्यातील बारीक अक्षरांत ‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ असा एक ऋणनिर्देश होता. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने ज्यांचे ऋण मान्य केले, ते हे लोक कोण?

थोडे मागे जाऊ. बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. अहमद यांनी काम मात्र सोडले नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’वर पुढे जेपेग उभे राहिले. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातील मंद आणि तीव्र चढउतार वेगळे करायचे आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे ढोबळपणे नोंदवायचे किंवा सरळ गाळायचे. फाइल लहान होते ती या गाळणीमुळे.

१९९२ साली जेपेगचे मानक संमत झाले. परंतु मानक म्हणजे कागदावरचे नियम. त्यांनी चित्र उघडत नाही. ते उघडणारी ‘लिबजेपेग’ ही लायब्ररी टॉम लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९९१ मध्येच, सी भाषेत लिहून, सर्वांसाठी खुली केली होती.

तिच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. हे चालेलच अशी हमी नाही. हवे तसे वापरा, विकाऊ उत्पादनातही, पैसे नकोत. मात्र हे आपणच लिहिले असे भासवू नका, आमचे नाव सांगा. वकिली भाषेतील मजकूर त्यानंतर येतो!

औदार्याइतकीच सावधगिरीही होती. मानकातील ‘अरिथमेटिक कोडिंग’ने फाइल आणखी थोडी लहान होई, पण त्यावर आयबीएम, एटीअँडटी आणि मित्सुबिशी यांची पेटंटे होती. गटाने ती सोय काढून टाकली आणि पेटंटमुक्त हफमन पद्धत ठेवली. किंचित मोठी फाइल चालेल, पण कोणाच्या परवान्याचे ओझे वापरणाऱ्यावर नको, असा तो हिशेब होता.

तरीही संकट आलेच. २००२ साली फोर्जेंट या कंपनीने १९८७ च्या एका पेटंटच्या आधारे खुद्द जेपेगवरच हक्क सांगितला आणि अनेक कंपन्यांकडून परवान्यापोटी कोट्यवधी डॉलर वसूल केले. २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत त्यातील व्यापक दावे नाकारले. त्याच वर्षी कंपनीने नाद सोडला.

या काळात लिबजेपेगची ‘६बी’ ही आवृत्ती शांतपणे काम करत होती. मार्च १९९८ मध्ये आलेल्या तिच्यानंतरची आवृत्ती निघाली ती थेट २००९ साली. टॉम लेन तोवर पोस्टग्रेसक्यूएल या खुल्या डेटाबेसचे एक प्रमुख शिल्पकार म्हणून ओळखले जाऊ लागले होते.