लॉटची पारख

काडतुसांचा डबा हाती आला की मी कंपनीच्या नावाआधी लॉट नंबर पाहते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. ते जरा कमीजास्त झालं की गोळीचा वेग बदलतो. हे काडतूस पुन्हा भरता येत नाही. आपल्या हाती उरते ती फक्त निवड.

पिस्तूल शिकंज्यात आवळायचं आणि २५ मीटरवर कागद लावायचा. हातानं मारलेल्या ग्रुपमध्ये काडतूस किती आणि मनगट किती, हे सांगता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्याच नाहीत. गोळीवर मेणाचा हात असतो. जुन्या लॉटचं मेण नळीतून जायला तेवढ्या लागतात.

मग दहा-दहाचे ग्रुप. पाचाचा ग्रुप मी मानत नाही. पाच गोळ्या एका भोकात गेल्या, तरी पुढच्या पाच दुप्पट पसरू शकतात. सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की लॉट कळतो. मधे एक फाटकं भोक आणि दोन बोटं वर एकटं छिद्र दिसलं, तर माझी नजर त्या एकट्यावरच खिळते. स्पर्धेतल्या साठांत ते कधी उगवेल, कुणी सांगावं?

२५ मीटर पिस्तूलच्या प्रिसिजन टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. ग्रुप २० भरला काय नि १५ भरला काय, पिस्तूलवाल्यानं त्यासाठी झोप उडवू नये. ५० मीटर रायफलवाल्यांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यांची गोष्ट वेगळी.

आमची खरी कसोटी रॅपिड टप्प्याची. निशाण तीनच सेकंद समोर असतं. अडकलेल्या काडतुसाला नियमात सवलत आहे, पण मोडलेली लय कोण जोडून देणार? नेमबाज राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तेही शूट-ऑफमध्ये. इतकं सारं एकेका गोळीवर येतं. म्हणून शिकंज्यात पास झालेला लॉट मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींच्या हाती देते आणि पुंगळ्यांवर लक्ष ठेवते. त्या नेहमीच्या जागी उडायला हव्यात; एखादी पायाशीच पडली की तो लॉट सरावाला.

पसंत पडलेला लॉट मात्र परवडेल तेवढा घेऊन ठेवावा. एरवी स्वस्तातलं चालेल, पण स्पर्धेआधीचे दोन आठवडे त्याच डब्यातलं मारायचं. लॉट बदलला की गोळी लागण्याची जागाही सरकते, आणि साइट स्पर्धेच्या काडतुसावरच बसलेली हवी.